पाओराच्या खिशातला लाकडी गुलाब

मी लाकडी गुलाब बोलतोय. कुठल्या रानातला, ते विचारू नका. सांगणार नाही. माझा स्वभाव असा संशयी का झाला, ते ऐकलंत की तुम्हीही विचारायचं सोडून द्याल.

मला पाहून लोक म्हणतात, काय सुरेख कोरीवकाम! कोणी कोरलेलं नाही हो मला. आमच्या न्यूझीलंडच्या रानात एक बांडगूळ जमिनीखाली झाडाच्या मुळाला बिलगून वाढतं. त्याला ना पान, ना हिरवा रंग. ते जिथे चिकटतं तिथे मूळ फुगतं, फाकतं, पाकळ्यापाकळ्यांचं होतं. ते फाकलेलं मूळ म्हणजे मी. पण मी दिसावा म्हणून वरचं बांडगूळ मारावं लागतं. हे मात्र मला विकणारे कधी सांगत नाहीत.

पाओरा तेव्हा लाकूडतोड्यांच्या टोळीत होता. त्याने मला खणून काढलं आणि मेरेला मागणी घालायला घेऊन गेला. मेरेने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"कुणी नको म्हटलं म्हणून माझ्याकडे आणलंस?"

"शपथ! तुझ्यासाठीच खणलंय."

"आणि ही माती कोण काढणार? तुझी आई?"

शेवटी डुकराची हाडं शिजवायच्या पातेल्यात तिनेच मला उकळलं. बांडगूळ सुटून गळून पडलं, आणि मी गुलाब झालो. एक जीव गेला तेव्हा झालो, हे मी विसरलेलो नाही. त्यांचं लग्न झालं, मी चुलीवरच्या फळीवर बसलो.

मग पाओराने फुशारकीत एका जिवलग मित्राला जागा सांगितली. आठ दिवसांत तो मित्र पोती घेऊन गेला आणि सगळा उतार उकरून मोकळा झाला. ओढ्यापलीकडची पाच बांडगुळं तेवढी वाचली. ती फक्त पाओराला ठाऊक होती. मेरे वारेपर्यंत त्याने तिलासुद्धा ती सांगितली नाहीत.

गेल्या मार्चमध्ये हूहाना चहाला आली. ही मेरेच्या भाचीची मुलगी, रानखात्यात नोकरीला. मला बघितलं आणि तिचा तळलेल्या पावाचा घास हातातच राहिला.

"आजोबा, हा कुठून आणलात?"

"जत्रेतून."

"कुठल्या?"

"बंद पडली ती."

हूहानाने कप खाली ठेवला. "सोमवारी ओढ्याजवळून नवी वाट काढायला यंत्र येतंय. तिथे याचं एक जरी बांडगूळ जिवंत दाखवता आलं, तर वाट दुसरीकडून नेतील. नाहीतर सगळं चिरडलं जाईल."

"आणि दाखवलं की तुमचीच माणसं पोती घेऊन येतील! मला काय दुधखुळा समजतेस, पोरी?"

खरं सांगू? मलाही ती बरी वाटली नाही. तिची नजर माझ्यावरून हटत नव्हती.

"बरं, बोलू नका. नुसते माझ्याबरोबर चला."

शनिवारी पाओरा गेला, पण तिच्यावर नजर ठेवायला. मागे घरात कोणी हात मारेल म्हणून मला कोटाच्या खिशात घालून गेला.

झाडाएवढ्या नेच्यांखालून चालताना ती दर दहा पावलांवर वाकायची.

"हे ते का?"

"कुजकी अळंबी."

"आणि हे?"

"पॉसमची लेंडी. हात धू."

"हे खोडावरचं?"

"झाडाला आलेलं आवाळू. तुम्हाला पगार कशाचा देतात गं?"

तो तिला मुद्दाम वरच्या अंगाने नेत होता. पण वाटेत एक झाड आडवं पडलेलं. त्याला वळसा घालायला ती ओढा ओलांडून पलीकडे गेली, आणि तिच्यामागे आम्हीही. खिशात पाओराची मूठ माझ्यावर घट्ट आवळली.

"पाय उचल!"

हूहाना एका पायावर थिजली. तिच्या बुटाखाली, पाचोळ्यात, तपकिरी-गुलाबी कळ्यांचा मूठभर झुबका होता. त्यांचा तो जड वास खिशापर्यंत आला. माझाच वास होता तो, पातेल्यात गेलेला. मला रडू येत असतं तर मी रडलो असतो.



"आजोबा," ती हळूच म्हणाली, "आता हा पाय कुठे ठेवू?"

पाओराने तिचा हात धरला. "इथे ठेव. तिथे नको, तिथे दुसरं आहे. आता या दगडावर. डावीकडे नको गं, बये!" असं करत त्याने तिला पाचही दाखवली. मग मला बाहेर काढलं. "हा इथलाच. पहिला चोर मीच."

तिने मला हातही लावला नाही. "ठेवा खिशात," एवढंच म्हणाली.

सोमवारी यंत्र दुसऱ्या बाजूने गेलं. झुबक्यांवर आता कळ्या खाणाऱ्या पॉसम या जनावरापासून राखायला तारेचे पिंजरे आहेत. पाओरा दर आठवड्याला जातो, तारा हलवून बघतो आणि येताना हूहानाची पिशवी तपासतो. ती हसते, पण तपासू देते.

मी पुन्हा फळीवर आहे, बिनवासाचा. रानात पाचोळ्याखाली काही विचित्र उगवलेलं दिसलं, तर पाय उचला आणि तोंड मिटा, एवढंच मागणं. तुम्ही चांगली माणसं असाल हो. पण पाओराचा तो मित्रही चांगलाच होता.