कोऱ्या चिठ्ठ्या

साहेबांनी कपाटातून पाचवं पुस्तक उपसलं, शेवटचं पान उघडलं आणि मिटलं. सहावं काढलं. तेही मिटलं.

"ताई," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले, "या पुस्तकांना कुणी हात तरी लावतं का हो?"

दाराशी पाण्याचा पेला घेऊन डिंकमावशी उभी होती.

"असं काय म्हणता साहेब! रोज साठ-सत्तर पुस्तकं जातात," ताई म्हणाल्या. "रजिस्टर बघा ना."

"रजिस्टरं खूप बघितली मी. तपासणीच्या आदल्या दिवशी एका बैठकीत भरलेलीसुद्धा बघितली. मी चिठ्ठी बघतो." त्यांनी सातवं पुस्तक ताईंसमोर धरलं. "ही बघा. एक तारीख नाही. कोरी करकरीत."

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली असते. पुस्तक कुणाच्या घरी निघालं की तिच्यावर तारखेचा शिक्का बसतो. पुस्तक किती घरं हिंडून आलं, हे त्या चिठ्ठीवरून कळतं.

मावशी पेला घेऊन दोन पावलं पुढे आली.

सव्वीस वर्षं ती या तीन खोल्यांत होती. झाडायची, खिडक्या उघडायची, वर्तमानपत्रं मांडायची, आणि उरलेला सगळा वेळ पुस्तकं सांधायची. पुस्तकाची पाठ निखळली की तिला कळे, पान सुटलं की तिच्या बोटाला लागे. दाभण, दोरा आणि डिंकाचं भांडं घेऊन ती खिडकीशी बसे. तिचं खरं नाव हजेरीपटावरच राहिलं होतं. शिवता शिवता ती अक्षरं लावायला शिकली, आणि मग शिवायला घेतलेलं पुस्तक वाचल्याशिवाय परत कपाटात ठेवीनाशी झाली.

तीन महिन्यांपूर्वी वरून पत्र आलं होतं. जी लहान वाचनालयं कुणी वापरत नाही, ती बंद करायची; तपासायला साहेब येतील. ताईंचा चेहरा उतरला. मावशी म्हणाली, "येऊ द्या की. बघतील आणि खूश होऊन जातील."

आणि पाहुणे यायचे म्हणून लेकरांची तोंडं धुवावीत, तशी ती पुस्तकांच्या मागे लागली. रोज दुपारी एकेक फळी खाली काढली. नवे पुठ्ठे घातले, कोपरे बसवले, समासातल्या पेन्सिलीच्या रेघा खोडल्या. चिठ्ठ्यांची तर अगदी लाज वाटावी अशी दशा होती. शिक्क्यावर शिक्का, जांभळ्या डागांवर काळे डाग, एक भरली म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. ओल्या फडक्यानं तिनं एकेक सोडवली आणि पांढरीशुभ्र नवी डकवली. पुन्हा मळू नयेत म्हणून अशी पुस्तकं साहेब येईपर्यंत कुणाला घरीही नेऊ दिली नाहीत. जुन्या चिठ्ठ्या दोन पोती भरून निघाल्या. कचऱ्याच्या गाडीत तिनंच स्वतः टाकल्या.

"मावशी, नवी नवरीच दिसतायत हो पुस्तकं!" ताई म्हणाल्या होत्या. मावशी दिवसभर त्या एका वाक्यावर तरंगत होती.

त्यातही तिनं हात लावला तो लोकांनी वाचून वाचून झिजवलेल्या पुस्तकांनाच. ज्यांना वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं ती मुळातच धडधाकट होती; त्यांच्या चिठ्ठ्यांवर दोन-दोन, तीन-तीन तारखा अजून शाबूत होत्या.

"साहेब," मावशीनं धीर केला. "चिठ्ठ्या मी बदलल्या."

"का?"

"मळल्या होत्या."

"जुन्या कुठायत?"

"कचऱ्यात गेल्या."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी पेला घेतला, पाणी प्यायले, आणि हळूच म्हणाले, "मावशी, मागच्या ठिकाणी चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या म्हणे. त्याच्या आधीच्या ठिकाणी छत गळलं होतं. मी तरी काय लिहू, सांगा."

वाचायच्या खोलीत नेहमीची मंडळी बसली होती. घड्याळं दुरुस्त करण्यात डोळे गमावलेले आजोबा, शब्दकोड्यावरून रोज भांडणाऱ्या दोघी बहिणी, रात्रपाळी करून आलेली नर्स. एरवी या खोलीत कोण खोकतंय, कोण घोरतंय, थोरली धाकटीला "अगं बावळट, सहा अक्षरी!" म्हणून टपली मारतेय. आज मात्र मावशीनं बजावलं होतं, "नीट बसा हं. नाक कापू नका आमचं." म्हणून सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, फोटोला बसल्यासारखे ताठ.

"आज बोलावलंय वाटतं यांना?" साहेबांनी विचारलं.

"बोलावलंय?" आजोबा उसळले. "अहो, मला इथून घरी बोलवायला माणूस पाठवावा लागतो! विचारा आमच्या सूनबाईला."

"पण आजोबा, तुम्हाला तर दिसत नाही. वाचता काय?"

"शनिवारी ताई वाचतात. आम्ही ऐकतो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

महिन्याभरात हुकूम आला. पुस्तकं मोठ्या वाचनालयात जायची, ताईंनी तिकडे रुजू व्हायचं, खोल्या रिकाम्या करून किल्ल्या द्यायच्या. मावशीसाठी शेवटी एक ओळ होती: सेवेची आवश्यकता नाही.

शेवटच्या शनिवारी मंडळी आली. कपाटं उघडीबोडकी, भिंतीशी खोकी रचलेली. ताई वाचायला बसणार तोच मावशी पुढे आली आणि पदराचं टोक पिळत म्हणाली, "थांबा. सांगायचंय. हे माझ्यामुळे झालंय. चिठ्ठ्या मी फेकल्या."

धाकटीनं बाकावर सरकून जागा केली. म्हणाली, "आम्हाला ठाऊक आहे गं. ये, बस."

मावशीला वाटलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई सात महिने एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या. नावाड्याची बायको, नवरा पलीकडे गेलेला, परतलेला नाही. ती रोज संध्याकाळी काठावर उभी राहते. अजून अकरा प्रकरणं बाकी होती. आज एकच झालं. नदीला पाणी चढलं, तिनं नाव सोडली, आणि पाच वाजले. ताईंनी पुस्तक मिटलं. त्यांनी ते तसंच उघड्या खोक्यात ठेवलं.

"पुढं काय होतं हो?" आजोबांनी विचारलं.

ताईंनी मावशीकडे पाहिलं. ही कादंबरी मावशीनं दोनदा शिवली होती, दोनदा वाचली होती. नाव पलीकडे पोचत नाही. नवरा चार दिवसांनी येतो आणि काठावर कुणी नसतं. पहिल्यांदा वाचून ती घरी जाईपर्यंत रडली होती.

"सांग की गं," थोरली म्हणाली. "आता काय ते आमच्या हाती लागायचंय!"

मावशीनं खोक्याची झापडं मिटली. वर सुतळीची गाठ मारली, घट्ट, दुहेरी.

"पोचते ती," ती म्हणाली. "तो काठावरच उभा असतो."

"मला वाटलंच होतं!" आजोबा म्हणाले. समाधानानं मान हलवत त्यांनी काठी चाचपली, नर्सनं त्यांचा हात धरला, आणि दोघी बहिणी त्यानं तिला पाहून पहिला शब्द काय उच्चारला असेल यावर भांडत पायऱ्या उतरू लागल्या.