उंची निम्मी, बळ निम्मं

लाकडाचा भुसा, नाकात जाणारा.
सहा इंचांची पट्टी, एक कोपरा चावलेला.
मुंगी.
वरून खाली येणारा लोखंडी दरवाजा.
खिळ्यांचा डबा.

मी एक जुनी लाकडी सोंगटी आहे, मित्रांनो. या पाच गोष्टींत माझं सगळं आयुष्य आलं. तरी नीट सांगते.

सुतारकाम करणाऱ्या एका आईने मला आपल्या मुलांसाठी कोरलं. त्यांचा एक खेळ होता. थोरला दादा गोष्ट सांगायचा: गुहा, पूल, शत्रू. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. कोणाला काय जमलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. शेजारचा लंबू राक्षस झाला. त्याची सोंगटी बोटभर उंच. धाकट्या चिंगीने मला घेतलं. मी राक्षसाच्या निम्मी.

प्रत्येकाचं बळही फाशानेच ठरलं. लंबूला चौदा मिळालं, चिंगीला अठरा.

काय दिवस होते ते! जखमी राक्षसाला पाठीवर घेऊन मी पूल ओलांडला, तेव्हा लंबू हसता हसता खुर्चीवरून घसरला.

"अगं, माझे पाय जमिनीला घासत असतील ना!"

"मग वर धर की!" चिंगी म्हणाली. त्या रात्री मी तिच्या उशाशी होते.

मग एकदा राक्षसाला न हललेला दगड मी हलवला, आणि लंबूचं बिनसलं.

"काहीतरीच काय रे, दादा! माझा एवढा धिप्पाड गडी आणि ही चिमूटभर. हिचं बळ जास्त कसं?"

"फाशाने दिलंय," चिंगी म्हणाली. "आणि मुंगी नाही का उचलत स्वतःपेक्षा जड?"

"मुंगी साखरेचा दाणा उचलते. गोणी नाही."

दादाला ते पटलं. खरं सांगते, मलाही पटलं. म्हणूनच जास्त लागलं. दादाने पट्टी आणली, आम्हा दोघांना शेजारी उभं करून मोजलं आणि म्हणाला, "उंची निम्मी, तर बळ निम्मं." माझ्या अठराचे नऊ झाले.

खेळ पुढे सरकला. गुहेच्या तोंडाशी लोखंडी दरवाजा खाली येऊ लागला आणि राक्षस नेमका त्याच्याखाली सापडला.

"मी धरते!" चिंगी ओरडली.

फासा आणि बळ मिळून तीस हवे होते. तिने फासा मुठीत घोळवला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. वीस! ती टाळी वाजवत उभीच राहिली.

दादाने बेरीज केली. "एकोणतीस. दोघंही दबले."

"पण वीस पडलेत! याहून जास्त पडतच नाहीत!"

"मग काय करणार? लहान आहेस."

तो बोलत होता माझ्याबद्दल, पण बघत होता तिच्याकडे. लंबूसुद्धा हसला नाही. चिंगीने मला टेबलावर आडवं ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दादाने नंतर पुष्कळ डोकं खाजवलं. लहान अंगाला वजनही थोडंच. म्हणजे ओझं ढकलताना मोठ्याची सरशी, पण भिंत चढताना, दोरीला लोंबकळताना लहानाची. चांगला नियम होता, मित्रांनो. त्याने तो बंद दारातून सांगितलासुद्धा.

"चिंगे, ऐक तर! तू भिंतीवरून सरसर चढशील!"

"मला अभ्यास आहे."

लंबू काही दिवस 'खेळायचं का?' विचारायला यायचा. मग येईनासा झाला.

मी आता खिळ्यांच्या डब्यात असते. आईला खिळा हवा असला की तिची बोटं माझ्यावरून जातात. एकदा तिने मला बाहेर काढून पुसलं, चिंगीला हाक मारली, थोडा वेळ वाट पाहिली आणि परत ठेवलं.

मित्रांनो, खेळ खरा वाटावा म्हणून नियम जरूर करा. राक्षस दांडगा असू द्या, आम्ही चिमुकल्या थोड्या कमी जोराच्या असू. पण पट्टी हातात घ्याल तेव्हा टेबलापलीकडे कोण बसलंय, तेही बघा. नियम नंतर दुरुस्त करता येतो. उठून गेलेल्याला परत बसवणं फार अवघड असतं.

दादाने पट्टी आणली, त्याच दिवशी सकाळी शाळेत सगळ्यांची उंची मोजली होती. चिंगीची गेल्या वर्षीएवढीच भरली.