हवेच्या डब्यावरचा रुमाल

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. माझा पत्रा गंजला आहे, हाताला लागेल, आणि मग तुमच्या आया मला नावे ठेवतील. यशवंतपूरच्या मालधक्क्यामागे पडून राहिलेला जुना ट्रक मी. माझ्यात भूत आहे असे तुम्ही एकमेकांना सांगता, ते माझ्या कानावर येते. भूत होते की नव्हते ते सांगतो, पण आधी ऐकून तरी घ्या.

छप्पन साली मी बेंगळुरात आलो तेव्हा नुसता सांगाडा होतो. माझी लाकडी केबिन इथल्याच सुतारांनी बांधली. मालक हंबीरराव. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथले, घरात मराठी आणि बाजारात कानडी. मंगळुराहून कौले भरायची आणि सकलेशपूरचा घाट चढून यशवंतपुरात उतरवायची, हे आमचे काम. चढावर मी दमलो की हंबीरराव खिडकीतून हात काढून दारावर थाप मारत आणि म्हणत, "स्वल्प दम धर, पैलवान." स्वल्प म्हणजे कानडीत थोडा. थाप पडली की मला खरेच जोर येई. मुक्कामाला पोचल्यावर ते आपल्या लाल रुमालाने माझी काच पुसत आणि त्याच रुमालाने स्वतःचा घामही पुसत. धाकटा भाऊ दामोदर तेव्हा त्यांच्या हाताखाली गाडी शिकत होता.

एका दुपारी घाटातल्या मोठ्या वळणावर समोरून बस उतरत आली, म्हणून आम्ही थांबलो. स्टिअरिंगवर दामोदर होता. "ब्रेक सोडू नको," एवढे सांगून हंबीरराव मागच्या चाकाला दगड लावायला उतरले. रस्त्याची कड ओली होती, ती ढासळली. दगड जागेवर राहिला आणि हंबीरराव दरीत गेले. मला मागे वळून पाहता येत नाही, मित्रांनो. मी फक्त आवाज ऐकला. तो अजून ऐकू येतो.

त्या वर्षी खंडेनवमीला दामोदरने माझी पूजा केली, चाकापुढे कोहळा फोडला. सगळे जेवायला गेल्यावर हंबीररावांच्या पत्नी सोयराबाई एकट्याच आल्या. बॉनेट उघडेच होते. आत एक डबा असतो, त्याच्या तोंडातून मी श्वास घेतो. त्यांना ते काय ठाऊक? कळशीला फडके बांधावे तसा त्यांनी केबिनमध्ये राहिलेला हंबीररावांचा तो लाल रुमाल डब्याच्या तोंडावर बांधला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, भावजींवर लक्ष असू द्या." आमच्यात पूजेचे बांधलेले कुणी हाताने सोडत नाही. ते आपोआप गळून पडू द्यायचे असते.

सुरुवातीला मला बरे वाटले. प्रत्येक श्वासात खोबरेलाचा, विडीचा, हंबीररावांचा वास यायचा. मग रुमालात धूळ बसली, तेल मुरले. सपाट रस्त्यावर काही कळत नसे. पण कौलांचा भार घेऊन घाट चढू लागलो की माझ्यातून काळाकुट्ट धूर निघे, आणि नेमका त्या वळणावर येऊन माझा श्वास संपे. दामोदर सोबत्याला ब्रेकवर बसवून दगड घेऊन खाली उतरे, त्याच कडेला. इतर ड्रायव्हर म्हणत, हंबीरराव गाडी धरून ठेवतात. मलाही दाराशी हाक ऐकू येई: "स्वल्प दम धर." दम कुठून धरू?

शिवाप्पा मिस्त्रीने धूर पाहिला. "पांढरा असता तर पाणी शिरलंय म्हणालो असतो. निळा असता तर ऑइल जळतंय. हा काळा आहे. डिझेल पोटभर आणि हवा नाही," तो म्हणाला. त्याने बॉनेट उघडले, रुमाल पाहिला, हात जोडले आणि बॉनेट मिटले. मग त्याने पंप खोलला, नॉझल बदलले, रुमालाला हात न लावता बाकी सगळे केले. दामोदर शेजारीच उभा होता. "वैनीला सांगायचं कुणी?" एवढेच तो बोलला.

हंबीररावांना जाऊन वर्ष झाले तेव्हा त्या वळणावर नारळ वाढवायला सोयराबाई आमच्याबरोबर निघाल्या. कौले भरून परतताना मी तिथेच अडलो. गाडी मागे सरकू लागली. दामोदरने हँडब्रेक ओढला, वैनींना दोन्ही पाय ब्रेकवर ठेवायला लावले आणि दगड उचलून मागे धावला. आरशात त्यांना तो कडेला वाकलेला दिसला. पण त्यांनी ब्रेक सुटू दिला नाही.

तो परत आल्यावर त्यांनी विचारले, "भावजी, हा धूर कशानं?"

"हवा पुरत नाही, वैनी."

"मग हवा कुठनं घेतो हा?"

दामोदर पुढे गेला. त्याने बॉनेट उचलले. सोयराबाई खाली उतरल्या आणि डब्याच्या तोंडावरच्या, काळ्या पडलेल्या रुमालावर वाकल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तरी इथंच दगड घेऊन उतरत होता?"

"तुम्ही बांधलेलं, वैनी. मी कसं सोडू?"

"ते गेले ते गेले. आता तुम्ही माझ्या रुमालापायी जाणार होता," त्या म्हणाल्या. गाठ तेलाने घट्ट झाली होती, बोटांना दाद देईना. त्यांनी ती दातांनी सोडवली. ओठ काळे झाले, तेही पुसले नाहीत.

मी घाट चढलो, मित्रांनो, धुराची रेघही न काढता. वळण मागे पडेपर्यंत मी कान देऊन होतो. थाप पडली नाही, हाक आली नाही. त्यानंतर कधीच नाही. इतका मोकळा श्वास आणि इतके एकटेपण मी आधी कधी अनुभवले नव्हते.

दामोदर पुढे वर्षानुवर्षे मला चालवून सुखरूप घरी परतला. तुमच्या घरात कुणी चढावर दमत असेल तर भुताला बोल लावू नका. त्याचा श्वास कशाने अडला आहे ते पाहा, आणि ते कितीही मायेने बांधलेले असले तरी बांधणाऱ्याला सांगा. हात जोडून बॉनेट मिटू नका.

माझ्या दाराच्या मुठीला एक चिंधी दिसते ना? सोयराबाईंनी तो रुमाल तिथे बांधला, जिथे थाप पडायची. ती सोडू नका, तिने कुणाचा श्वास अडत नाही. आणि जाताना दारावर एक थाप मारा. गंज लागला तर लागू दे.