काकूंच्या अकरा ओळी

तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा सुटतो.

तर टेपकाका शोरूमच्या चकचकीत फरशीवर पालथे पडलेत. पालथे म्हणजे अगदी पोटावर, चष्मा कपाळावर, आणि लाल ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना टेप लावून खालून सांगतायत, "पस्तीस इंच. लिही." काकू डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहितायत, पस्तीस. शेजारी सेल्समन उभा, तिशीतला, पण केस आत्ताच मागे सरकायला लागलेले. तो बिचारा म्हणतो, "काका, हे सगळं पुस्तिकेत छापलंय हो."

काका खालूनच म्हणाले, "छापणाऱ्यानं मोजलं होतं का?"

आता टेपकाका हे काही त्यांचं खरं नाव नाही, पण खरं नाव त्यांना स्वतःलाच आठवायला वेळ लागेल. खिशात कायम मोजायचा टेप. गादी आणायची, मोज. मुलगी वाढतेय, दाराशी उभी करून मोज. एकदा म्हणे दवाखान्यात डॉक्टरीणबाई आत हात धुवायला गेल्या तर यांनी तपासायचं टेबल मोजून ठेवलं. आणि या टेपची सुरुवात कुठून झाली तर त्यांच्या लिंबाच्या बागेतून. तेच तर सांगायचंय, पण आधी ट्रॅक्टर.

ट्रॅक्टर घ्यायची वेळ आली ती खांद्यामुळे. इतकी वर्षं काका ते हातात धरून मागे मागे चालायचं नांगरणीचं यंत्र चालवत होते, ते धडधडतं ना, त्या धडधडीनं डावा खांदा कामातून गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे यंत्र आता दुसऱ्याला द्या, नाहीतर भांग पाडायलाही हात वर जायचा नाही." काका म्हणाले, "भांग पाडण्याइतके केस कुठे राहिलेत?" पण घरी येऊन यंत्र झाकून ठेवलं. मग ठरलं, बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा.

तर छोट्यात दोन निघाले, एक लाल आणि एक निळा. आणि अक्षरशः जुळी भावंडं. ताकद तीच, गिअर तेवढेच, सीट तशीच कडक, किंमत जवळपास सारखी. हॉर्नसुद्धा एकाच सुरात. काकांनी दोन्ही वाजवून बघितले, शोरूममधली माणसं दचकली. फरक एकच. लाल पस्तीस इंच रुंद, निळा बेचाळीस. चाकं आणखी आत घ्यायची म्हटली तरी निळा बेचाळीसच्या खाली येत नव्हता.

सात इंच. तुला वाटेल सात इंचांनी काय होतंय. तर या दोघांचं अख्खं लग्न त्या सात इंचांत अडकलं.

कारण बाग. ती लावली तेवीस वर्षांपूर्वी, आणि एका दिवसात आखली, कारण रोपांची गाडी संध्याकाळी येणार होती आणि जमीन तशीच उघडी पडलेली. टेप नव्हता, दोरी नव्हती. काका म्हणाले, सोपं आहे, चार पावलं टाकायची आणि खुंटी ठोकायची. परत चार पावलं, परत खुंटी. मी उताराकडून येतो, तू सपाटीकडून ये, मध्ये भेटू. आणि भेटले. काकांच्या नऊ ओळी झाल्या, दोन ओळींत ऐसपैस दहा फूट. आणि काकूंच्या बाजूला नऊ व्हायला हव्यात तिथे झाल्या अकरा. काकूंची चार पावलं म्हणजे जेमतेम आठ फूट.

दुसऱ्याच आठवड्यात काकांनी टेप आणला. आणि त्या दिवसापासून तेवीस वर्षं एकच विनोद. पाहुणा येवो, खत पोचवणारा येवो, कोणीही येवो, "ही माझी बाजू आणि ती हिची. पावलं टाकायला पण काटकसर करते बघा आमची." मग काकूंनी म्हणायचं, "दोन ओळी जास्त मिळाल्या ते नाही सांगत." मग सगळ्यांनी हसायचं. इतकं ठरलेलं की एखाद्या पाहुण्यासमोर काका विसरले तर काकूच आठवण करायच्या.

आता झाडं मोठी झालीत, फांद्या पसरल्यात, काटे आहेत. काकूंच्या ओळींमध्ये जायला उरलीय कुठे चाळीस इंच जागा, कुठे छत्तीस. म्हणजे लाल जातो, निळा जात नाही. दोघांचंही लगेच ठरलं, लाल. काका म्हणाले, चला, सुटलो. सेल्समनच म्हणाला, "एकदा शेतात चालवून बघा, दोन्ही पाठवतो." तिथे मुद्दा फिरला.

सकाळी दोन्ही आले. लाल आधी काकूंच्या ओळींत घातला. काय सुरेख गेला म्हणतेस, दोन्हीकडून पानं नुसती हात फिरवल्यासारखी. काकू खूश. मग काकांनी तो आपल्या बाजूला नेला, उतारावर. पाचव्या ओळीत आडवा वळवला आणि वरच्या अंगाचं मागचं चाक उचललं गेलं. फार नाही, चार बोटं. क्षणभरच. परत टेकलं. काका तर हसत होते, त्यांना कळलंही नसेल. पण काकूंनी ते बांधावरून बघितलं. हातात पाण्याची कळशी होती, ती तशीच खाली ठेवली त्यांनी, आणि पाणी सांडलं तरी बघत राहिल्या.

काका खाली उतरले तर काकू म्हणाल्या, "निळा घ्यायचा."

"का? लाल झकास आहे."

"मला निळा रंग आवडतो."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

सेल्समन खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "काका, उतार असेल तर मीही निळाच सांगेन. लाल सपाटीचा आहे." नंतर निळा त्याच ओळीत त्याच वळणावर घातला तर जमिनीला चिकटून गेला, जरासुद्धा हलला नाही. काका म्हणाले, "आणि त्या बाजूच्या अकरा ओळी? तिथे काय हा उडून जाणार?"

सेल्समन म्हणाला, "तिथे एकाआड एक ओळ काढून टाकायची. बरेच जण तेच करतात."

"काढा," काकू म्हणाल्या.

काका बघतच राहिले. "अगं शंभर झाडं जातील."

"झाडं परत येतात. मला दोन पायांवर चालणारा नवरा पाहिजे. ट्रॅक्टरखालून काढलेला नको."

मग झालं सुरू. ते म्हणतात लाल, मी सांभाळून चालवीन. त्या म्हणतात तुम्ही आयुष्यात कधी काही सांभाळून चालवलंय. मधूनच सेल्समनचा फोन वाजतो, तो लांब जाऊन हळू आवाजात म्हणतो, "हो गं. तू बस. उठू नकोस, मी आल्यावर आणतो." असं तीनदा.

शेवटी काकूंनी चहा आणला. तिघं पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. आणि तो सेल्समन सहज म्हणून गेला, "पण या बाजूच्या ओळी इतक्या जवळजवळ का हो?"

काकांना काय, आयतंच मिळालं. सगळं सांगितलं, रोपांची गाडी, चार पावलं, काटकसर. वर म्हणाले, "बाग आणि आमची पोर एकाच वर्षाची. बाग दोन महिन्यांनी थोरली."

सेल्समन कपात बघत होता. मनातल्या मनात काहीतरी जुळवल्यासारखं करून म्हणाला, "म्हणजे तेव्हा काकूंना सातवा चालू असणार."

काकू पदरानं कट्टा पुसायला लागल्या.

"आमच्या हिला सातवाच आहे आता," तो म्हणाला, "दारापर्यंत जायचं तर भिंत धरून जाते. एवढी एवढी पावलं टाकते. खाली पडलेला चमचा मला उचलायला सांगते. आणि काकू, तुम्ही दिवसभर वाकून खुंट्या ठोकल्यात?"

"चहा निवतोय तुमचा," काकू म्हणाल्या.

काकांचं हसू तयारच होतं ना, विनोदानंतरचं, ते तसंच तोंडावर राहिलं. म्हणजे पुसायचं कसं तेच कळेना त्यांना.

सेल्समन गेला, दोन्ही ट्रॅक्टर गेले. उद्या कळवतो म्हणून सांगितलं. जेवणं झाली. काका म्हणाले, जरा बागेत जाऊन येतो. आणि गेले ते थेट काकूंच्या ओळींत. बघ हं, ज्या माणसानं दवाखान्यातलं टेबल मोजलं, त्यानं या ओळी मुळापासून मुळापर्यंत कधीच मोजल्या नव्हत्या. ट्रॅक्टरसाठी फांद्यांमधली जागा मोजली तेवढीच. इथलं उत्तर पाठ होतं ना त्यांना, मग मोजायचं कशाला.

टेप काढला. बांधापासून पहिला बुंधा, मग बुंध्यापासून बुंधा. पहिली ओळ, आठ फूट एक. दुसरी आठ फूट. तिसरीही आठ. मग सात फूट अकरा. पाचवीही तेवढीच. सहावी सात फूट दहा. काका पुढे गेले. सातवी परत आठ फूट एक.

ते तिथेच थांबले. टेप परत लावला. आठ फूट एकच.

आणि मग त्यांना आठवलं. त्या दिवशी दुपारी त्यांनी आपल्या टोकावरून हाक मारली होती, "अगं, किती झाल्या?" आणि ही एका पालथ्या डब्यावर बसली होती. तिथूनच म्हणाली होती, "होतायत." तेव्हा त्यांना वाटलं होतं, गाडी यायची वेळ झालीय आणि ही बसते काय. सहावीनंतर बसली होती ती. म्हणून सातवी मोठी. मग आठवीपासून परत कमी कमी होत अकरावी सात फूट नऊ. म्हणजे बघ, तो अख्खा दिवस तिथे तसाच उभा होता, आणि हा माणूस खिशात टेप घेऊन तेवीस वर्षं शेजारून जात होता.

त्यांनी तशी पावलं टाकून बघितली. काकूंसारखी चार. जमेनात. पाय आपसूक पुढे जात होता.

तेवढ्यात पलीकडून खसखस आवाज आला. बघतात तर काकू. हातात चुन्याचा डबा आणि कुंचला. बुंध्यांना पांढरी खूण करत चालल्या होत्या.

"हे काय करतेस?"

"खुणा. झाडं काढणारा माणूस आला की घोळ नको. दुसरी, चौथी, सहावी, आठवी, दहावी."

"सहावी नको."

"का? तिनं काय सोनं दिलंय?"

"सहावी झाल्यावर तू बसली होतीस."

काकूंचा कुंचला थांबला. चुन्याचा एक थेंब चपलेवर पडला. "तुम्हाला काय माहीत?"

"टेप सांगतोय."

काकूंनी डबा खाली ठेवला. काका म्हणाले, "बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? पोर लहान होती, पहिली तीन वर्षं एक लिंबू नाही लागलं, तुम्ही सकाळ-संध्याकाळ तोंड पाडून बसायचात. हसायला तेवढं एकच मिळत होतं तुम्हाला. म्हटलं, हसू देत."

"आणि नंतर?"

"नंतर सवय झाली. मलाही."

काकांनी शर्टाचं टोक ओढलं आणि जवळच्या बुंध्यावरचा चुना पुसायला लागले. ओला होता अजून. काकू म्हणाल्या, "शर्ट खराब होईल." ते पुसतच होते. एक झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला काकूंनी पदराचं टोक लावलं.

"लाल घ्यायचा नाही हं," त्या पुसता पुसता म्हणाल्या. "मी ते चाक बघितलंय."

"निळाच घेऊ."

"मग या ओळी?"

"या अशाच राहतील. फवारणीला ट्रॅक्टर ओळीच्या तोंडाशी उभा करायचा, लांब पाइप आत न्यायचा. आणि गवत हातानं काढायचं."

"कोण काढणार? खांदा बघा आधी."

"उजवा शाबूत आहे."

"आणि मी काय तोंडाकडे बघत बसू?"

निळा आला पुढच्या आठवड्यात. ज्यानं तो गाडीवरून उतरवला त्या ड्रायव्हरनं बागेकडे बघून विचारलंच, "इकडच्या ओळी जवळ आणि तिकडच्या लांब, असं का?" काकू आत पाणी आणायला गेल्या होत्या. पण खिडकी उघडी होती. काका म्हणाले, "माझी चूक. माझी पावलं लांब पडली त्या दिवशी."

पाणी यायला जरा वेळच लागला.

तर आता काय करतात माहितीये? उताराच्या नऊ ओळी काका ट्रॅक्टरवर बसून तासाभरात उरकतात. मग तो ओळींच्या तोंडाशी उभा करून, किल्ली खिशात टाकून, खुरपं घेऊन खाली बसतात. काका एका टोकाकडून, काकू दुसऱ्या टोकाकडून, आणि मध्ये भेटायचं. लोक हसतात. एवढा ट्रॅक्टर दारात आणि ही दोघं गुडघ्यावर. सेल्समनसुद्धा म्हणाला, ओळी काढल्या असत्यात तर एका सकाळीत मोकळे झाला असतात. त्याला मुलगी झाली, बरं का, ते सांगायलाच आला होता.

आणि सहावी ओळ झाली की काका म्हणतात, "खांदा दुखतोय, बसू जरा." दुखत वगैरे काही नसतो. ते बसले की काकूंना बसावं लागतं ना.

लोकांचं म्हणणं बरोबरच आहे तसं. हिशोबानं बघितलं तर वेडेपणाच. पण तू सांग, त्या ओळींत तू टेप लावून उभी असतीस, तर तू काय केलं असतंस?