व्हर्लीनबाईंच्या झाकणावरचा काटा

मी व्हर्लीनबाईंच्या मोठ्या कुकरच्या झाकणावरचा काटा बोलतोय. आत वाफेचा दाब किती, एवढंच सांगायचं माझं काम. इथे केंटकीच्या डोंगरात दर उन्हाळ्यात फरसबी बरण्यांत भरतात, बरण्या कुकरमध्ये ठेवतात आणि मी अकरावर पोचलो की घड्याळ लावतात. दाब कमी पडला, तर बंद बरणीत विष तयार होऊ शकतं. त्याला वास नसतो, चव नसते.

यंदा झाकण फरशीवर आपटलं आणि माझ्या आतली नळी वाकली. तेव्हापासून मी जास्तच दाखवू लागलो. मला कळत होतं, पण सांगणार कसा? बाई माझ्यावर विश्वासून घड्याळ लावत राहिल्या. फळीवर बरण्या वाढत गेल्या आणि माझा जीव टांगणीला लागला.

जिल्ह्याच्या कृषी विस्तार कार्यालयातली रोंडा खताच्या दुकानात बसून काटे फुकट तपासते. तरी लोक जात नाहीत. आमच्या चुलीपाशी सरकार कशाला, म्हणतात! शेवटी ‘त्या पोरीचं तोंड एकदा बंद करते’ म्हणत बाई मला घेऊन आल्या.

रोंडाने मला आपल्या काट्याशेजारी जोडून हवा भरली. मी अकरावर गेलो. तो सातवरच थांबला.

“तुझाच बिघडलाय,” बाई फणकारल्या. “माझ्या सासूचा काटा आहे हा!”

“काकू, यंदाची एखादी बरणी उघडलीत का?”

बाईंचा चेहरा उतरला. “पहिलीच... ऑर्व्हिल आज जेवायला शेतावर घेऊन गेलाय.”

नवऱ्याचा फोन लागेना. रोंडाने गाडी काढली. मी बाईंच्या मांडीवर. त्यांचा अंगठा सारखा माझी काच पुसत होता.

ऑर्व्हिल तंबाखूच्या शेताच्या बांधावर बसला होता. शेजारी बरणी. रिकामी.

“खाल्ल्यास?” बाई किंचाळल्या.

त्याने मान खाली घातली. “रागावू नकोस. पुरल्या मातीत. लग्न झाल्यापासून पुरतोय. फार गिचका करतेस गं शेंगांचा.”

बाई मटकन खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते मला मोजता आलं नाही.

आता त्यांच्या झाकणावर नवा काटा आहे आणि मी रोंडाच्या टेबलावर, लोकांना दाखवायला. पण तिची नोकरीच सरकार बंद करणार म्हणतात. बाबांनो, तोवर तरी आपापली झाकणं घेऊन या. या डोंगरात माझ्यासारखे किती काटे आजही अकरा दाखवत असतील! आणि सगळेच नवरे काही शेंगा पुरत नाहीत.