दोन जादा गोळ्या

मित्रांनो, मी एक जुने मूत्रपिंड आहे. लोक मला किडनी म्हणतात. बावन्न वर्षे मी मालाडच्या जानकीताईंच्या देहात, माझ्या जुळ्या भावंडासह सेवा केली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाची, कांदिवलीला शिवणकाम करणाऱ्या धाकूची, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हा ताईंनी मला त्याच्या स्वाधीन केले. पहिल्याच दिवशी मी लघवीची पिशवी भरली आणि परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या. तशी वाहवा मला पुन्हा लाभली नाही.

धाकूच्या शरीराने मला परके समजून हल्ला करू नये, म्हणून त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात. परंतु पहारा फार ढिला पडला, की अंगात लहानपणापासून निमूट पडलेले विषाणू जागे होतात. डॉक्टर शर्मिष्ठा यांनी हे दोनदा समजावले होते. धाकूने दोन्ही वेळा मान हलवली होती.

यंदा असाच एक विषाणू माझ्यात जागा झाला. मला बोलता येत नाही. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मी गाळून टाकायचा कचरा, वाढू देणे, एवढीच माझी वाचा. एक पूर्णांक एक दशांशावरून मी ते एक पूर्णांक सात दशांशावर नेले. याहून मोठ्याने मी कसे ओरडावे?

धाकूने रक्ततपासणीचा तो रिपोर्ट शेजारच्या जयवंतला दाखवला. कारण जयवंतच्या मेव्हण्याचीही किडनी बदललेली होती.

"बॉडी रिजेक्ट करतेय यार," जयवंत म्हणाला. "मेव्हण्याच्या गोळ्या वाढवल्या, झकास झाला तो. तू पण वाढव ना."

"डॉक्टरला विचारू?"

"तुझी तारीख पुढच्या महिन्यात. तोवर वाट लागेल रे!"

धाकूने सकाळी एक, संध्याकाळी एक गोळी जादा सुरू केली. घेताना तो पोटावर हात ठेवून पुटपुटे, "तायची ठेव हा ही, जपूक व्हयी." मित्रांनो, मला संताप येतो तो याचाच. त्याने हेळसांड केली असती, तर त्याला दोष देऊन मी मोकळे झाले असते. तो मला प्रेमाने मारत होता. प्रत्येक जादा गोळीसरशी विषाणू माझ्या पेशी अधिकच कुरतडत होता.

महिन्याने डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या. "धाकूभाऊ, हे रिजेक्शन नाही, व्हायरस आहे. गोळ्या कमी करायच्या होत्या. तुम्ही वाढवल्यात?"

जानकीताई शेजारीच बसल्या होत्या. "मेल्या, माका एक फोन करूक काय झाला व्हता? आता दुसरी खयसून देव? माझ्याकडे एकच उरली हा."

"ताय, तुझीच वाचवूक गेलंय गो," म्हणत धाकू रडू लागला.

गोळ्या कमी केल्यावर विषाणू हळूहळू ओसरला. परंतु माझ्या अंगावर पडलेले व्रण आता जाणार नाहीत. क्रिएटिनिन दोनवर थांबले आहे. मी किती वर्षे टिकेन, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या देहात माझ्यासारखे दान आले असेल, तर आकडा चढताच त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्या. एकाचे औषध दुसऱ्याला लावू नका.

जानकीताई आता रोज सकाळी फोन करून विचारतात, "किती घेतलंस? डबो उघडून सांग." धाकू सांगतो. तिकडे त्यांच्या कुशीत माझे भावंड एकटेच दोघांचे काम करत असेल. त्याला कोणी माझ्या जागी बोलावू नये, एवढ्यासाठी मी उरलेल्या पेशींनिशी राबते आहे.