कानांचा कागद

कोपर हललं. तिने बटण दाबलं.

काचेपलीकडे तपासनीस बाई मान खाली घालून कागदावर खूण करत होती. तिचा हात, तिच्या यंत्राच्या कळा, सगळं एका पेटीच्या आड होतं. दिसत होतं ते फक्त निळ्या बाहीतलं उजवं कोपर. कानात आवाज सोडायचा झाला की ते तसूभर वर उचललं जाई. कोपर वर, की अंगठा खाली. अठ्ठावीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढलेल्या बाईला एवढी लय सांभाळणं काही अवघड नव्हतं.

कानांवरच्या त्या जाडजूड टोपणांतून काही येत होतं का? सुरुवातीला दोन-तीन घोगरे आवाज आले होते, लांबून ट्रक जावा तसे. पुढे काहीच नाही. पुढे नुसतं तिचं स्वतःचं, नेहमीचं, कानांच्या आतलं किर्र.

कोपर पुन्हा उचललं गेलं. तिचा अंगठा निघाला आणि जागच्या जागी थिजला. तपासनीस बाई मान खाजवत होती. दाबलं असतं तर? तिच्या पाठीवरून घामाचा एक थेंब खाली ओघळत गेला. अंगठा बटणावर तसाच अधांतरी ठेवून ती बसून राहिली.

"छान!" दार उघडून बाई म्हणाली. तिचे ओठ मोठे, स्पष्ट होते, वाचायला सोपे. "इतकी वर्षं मागावर, आणि कान असे! बोंडं घालत होतात वाटतं नेमाने?"

"हो तर," ती म्हणाली. कानात घालायची ती मऊ बोंडं गिरणीने दिली होती हे खरं. त्यांच्या डबीत ती सुया ठेवायची. बोंडं घातली की मागाचा सूर कळत नसे, आणि सूर बिघडलेला कळला नाही की कापड बिघडे. सुरुवातीच्या वर्षांत सगळ्याच जणी असं म्हणायच्या.

तपासणीची गाडी वर्षातून एक आठवडा गिरणीच्या आवारात उभी राही. गाडीच्या पायऱ्या ती उतरली तेव्हा पुढच्या नंबरवर चिमणी उभी होती. चिमणी शेजारच्या मागावरची. दिवसभर बडबडायची, पण मागांच्या त्या गदारोळात तिचा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. फक्त पाहिला होता. माग-खात्यातल्या सगळ्याच बायका ओठांनी बोलायच्या आणि डोळ्यांनी ऐकायच्या. भांडणं, बाळंतपणं, मुकादमाच्या नकला, सगळं बिनआवाजी.

"पास?" चिमणीचे ओठ हलले.

"पास."

"कोपर?"

"कोपर."

"ही बरी आहे गं. मागल्या वर्षीची बाई पाय हलवायची. टेबलाखाली वाकून बघता बघता माझी मान धरली." चिमणी हसली, मग एकदम थांबली. "पण तू तर महिनाअखेर काम सोडून चाललीस. आता कोण तुला मागावरून काढतंय? कशाला हवा कागद?"

"लेकीला दाखवायचाय."

चिमणीचे ओठ उघडे राहिले.

"मुकादमाला बनवणं वेगळं, बाई," मग ती म्हणाली. "बाळ ठेवून घेणार ना तू?"

तिने कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि चोळीत खोल सरकवली.

*

बारीक आवाज आधी गेले. पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली, दारावरची घंटा गेली. कुणी काही चोरून नेत असेल तर वस्तू नाहीशी झाल्यावर जागा तरी रिकामी दिसते. आवाजाची जागा रिकामीही दिसत नाही. एका सकाळी नुसतं आठवतं, की अरे, खिडकीतली ती पाखरं किती दिवसांत बोलली नाहीत.

घरात एक रीत होती. बोलायच्या आधी आईच्या कोपराला बोट लावायचं, ती वळली की मग बोलायचं. लेक तीन वर्षांची असल्यापासून तसंच करायची. नवराही असेतोवर तसंच करायचा. कुणी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

लेकीने कागद उलगडला, वाचला, आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं आईला दिसलं.

"तसं नाही गं आई," तिच्या कोपराला बोट लावून लेक म्हणाली. "परवा शेजारीण म्हणाली, आजीला तीनदा हाक मारली, आजी आपल्या चालल्याच. म्हणून म्हटलं, एकदा खात्री करावी. मी दिवसभर टपाल कचेरीत खिडकीवर बसणार. ठमी इकडे एकटी…"

"एकटी कशी? मी नाही का?"

"तू आहेस म्हणून तर कामावर जायचं धाडस करतेय." लेकीने चार महिन्यांची ठमी तिच्या मांडीवर दिली. "परवा तुला सुट्टी आहे ना? सकाळी चार तास ठेवून बघू. रंगीत तालीम."

"आजीची परीक्षा घेतेय बघ तुझी आई," ती ठमीला म्हणाली. ठमी तोंडभर हसली. बोळकं वासलं, हिरड्या दिसल्या. हे वाचायला काही लागत नव्हतं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं, हे तिला नंतर पुन्हा पुन्हा वाटत राहिलं. पण मांडीवर ते एवढंसं ऊन होतं. ते उठून जाईल या भीतीने तिने ठमीला आणखी जवळ ओढलं.

*

परवाच्या दिवशी लेक दार ओढून गेली, आणि घर भोवती उभं राहिलं. एवढंसं दोन खोल्यांचं घर, पण त्या सकाळी ते तिला गिरणीएवढं वाटलं. पाळण्याजवळ असेतोवर ठीक. पाळण्याकडे पाठ केली की पाठीला डोळे फुटावेत असं वाटे. पाणी आणायला गेली, धावत परत आली. दूध कोमट केलं, दोनदा येऊन पाहून गेली. ठमी आपली मुठी चोखत पडलेली.

दुपट्यांचा ढीग धुवायचा होता. मोरी मागच्या खोलीपलीकडे. इतका वेळ पाळणा डोळ्यांआड?

मग तिने तेच केलं, जे मागावर काम केलेली बाईच करेल. पेटीतून सुताचं रीळ काढलं. उभ्या ताण्याचं सूत, पीळदार, हाताने तुटायचं नाही. एक टोक ठमीच्या पायमोज्याच्या काठाला बांधलं. पायाला नाही बांधलं. तेवढं भान होतं. तिची गाठ सुटत नसे आणि दिसतही नसे. खात्यात नव्या मुली ती शिकायला यायच्या. दुसरं टोक दाराच्या फटीतून, खुर्चीच्या पाठीवरून मोरीपर्यंत आणलं आणि स्वतःच्या डाव्या करंगळीला गुंडाळलं.

कान गेले तर गेले. बोटं कुठे गेली होती? मागावर हजार धागे ताणलेले असत, आणि हात नुसता वरून फिरवला तरी कुठला ढिला, कुठला तटतटला, बोटांना कळे.

करंगळी थरथरली. ती धावली. ठमी पाय झाडत खिदळत होती.

पुन्हा थरथर. पुन्हा धावली. ठमी पाळण्यावरच्या लाकडी पोपटाशी बोलत होती.

तिसऱ्यांदा ती धावली नाही, चालत गेली. परतताना तिला हसू आलं. बघा म्हणावं, कागद खोटा असेल, पण आजी खरी आहे. नळ सोडून ती दुपटी घासायला बसली आणि कितीतरी वर्षांनी खात्यातलं गाणं तिच्या तोंडात आलं. स्वतःचा आवाज तिला हाडांतून कळे तेवढाच.

उभ्या धाग्याला भेटाया
येतो आडवा धावून,
तशी बाळाच्या डोळ्यांत
नीज येऊ दे चालून.

करंगळी शांत झाली होती. निजली बाई, तिने मनाशी म्हटलं. दुसरं दुपटं घेतलं. तिसरं घेतलं. सूत करंगळीवर नीट ताणलेलं होतं, सरळ, स्तब्ध.

चौथ्या दुपट्यावर तिचा हात थांबला.

निजलेलं बाळ श्वास घेतं. पाय सैल पडतो. सूतही सैल पडायला हवं. हे ताठ का? मागावरचा ताठ धागा कंप पावतो. कंप नसेल तर तो मध्ये कुठेतरी अडकलेला असतो. हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची.

ओल्या पायांनी ती धावली. मधल्या दाराशी घसरली, गुडघा फरशीवर आपटला, तशीच उठली.

सूत पाळण्याच्या कडीत अडकून गच्च बसलं होतं. मोजा निघाला होता. आणि पाय झाडता झाडता सुताचे चार-पाच वेढे ठमीच्या पायाच्या करंगळीला पडले होते. दर झटक्याला एक एक आवळत गेले होते. बोट जांभळं पडलं होतं. ठमीचं तोंड उघडं होतं, इतकं उघडं की चेहऱ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. ते तोंड कधीपासून उघडं होतं?

आयुष्यभर तिने उघडझाप करणारी तोंडं वाचली. या तोंडात वाचण्यासारखा शब्दच नव्हता. अगदी खाली वाकली, गाल गालाला लागला, तेव्हा कुठून तरी, विहिरीच्या तळातून यावं तसं काही घोगरं तिच्यापर्यंत आलं.

"आले गं, आले, आले, आले…"

गळ्यातल्या दोरीला तिची कात्री होती, धागे तोडायची, टोकाशी वाकडी. टोक कातडीला लागता कामा नये. तिने मनगट पाळण्याच्या काठावर दाबून धरलं, श्वास रोखला, आणि कात्रीचं टोक सूत आणि कातडी यांच्यामध्ये, जिथे जागाच नव्हती तिथे, सरकवलं. एक वेढा तुटला. दुसरा. शेवटचा मांसात रुतला होता. तो तिने नखाने उचलून तोडला.

मग नुसतं बघत राहिली. जांभळं बोट. जांभळंच. तिने ते तळहातात धरलं, फुंकर घातली, चोळलं, पुन्हा पाहिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मुळाशी एक गुलाबी रेघ आली, आणि पहाट वर चढावी तशी नखापर्यंत चढली.

ठमीला पोटाशी घेऊन ती फरशीवरच बसली. मोरीत नळ तसाच वाहत होता. तिला तोही ऐकू येत नव्हता.

*

लेक आली तेव्हा त्या दोघी तिथेच होत्या. ठमी निजलेली. करंगळीभोवती लाल वळ. तोडलेलं सूत तिने लपवलं नव्हतं. समोर फरशीवर ठेवलं होतं.

"काय झालं?"

तिने सांगितलं. सुताचं सांगितलं, कोपराचं सांगितलं, पाखरं गेली तिथपासून सगळं सांगितलं. आपला आवाज मोठा होतोय की बारीक, हेही तिला कळत नव्हतं.

लेकीने ठमीला उचललं. ते बोट तिने उजेडात धरून पाहिलं, हलवून पाहिलं, ओठांना लावलं. मग म्हणाली, "ते कोपराला बोट लावणं… मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करतात."

"अगं…"

आणि लेकीने पाठ फिरवली. खिडकीकडे तोंड करून ती बोलत राहिली. खांदे हलत होते, वेणी हलत होती. म्हणजे बोलत होती, किंवा रडत होती. जन्मात पहिल्यांदा ती आईशी पाठमोरी बोलत होती. ते बोलणं रागाचं होतं, की मायेचं, की नुसतं भेदरलेलं, आईला कधीच कळलं नाही. पुन्हा सांग म्हणायची तिची छाती झाली नाही.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती गाडीच्या पायऱ्या चढली. चिमणीने खालून हात धरला.

"पुन्हा कशाला? पास झालीस ना?"

"तो कागद फाडला."

"अगं, कोपर उजवीकडे आहे, लक्षात…"

तिने चिमणीच्या हातावर थोपटलं आणि आत गेली.

"तुमची तपासणी झालीय की, मावशी," तपासनीस बाईचे ओठ म्हणाले.

"पुन्हा करा."

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. तिने टोपणं कानांवर चढवली, बटण हातात दिलं आणि काचेपलीकडे जाऊन बसली. तेव्हा हिने उठून आपली खुर्ची उचलली, काचेकडे पाठ करून ठेवली, आणि बसली. समोर कोरी भिंत. तिने डोळेही मिटले.

दोन-तीन घोगरे आवाज आले. लांबचे ट्रक. तिने बटण दाबलं.

मग अंगठा तयार ठेवून ती वाट पाहू लागली. किर्र होतं, नेहमीचं. त्याच्या मागे काही असेल म्हणून तिने सगळा जीव कानांत आणला. ठमीचं ते उघडं तोंड डोळ्यांपुढे येत होतं, आणि अंगठा घामाने बटणावर निसटत होता. बाईने यंत्र बंद केलं असावं. कागद शोधत असेल. अजून थोडी वाट पाहू.

खांद्यावर हात पडला तशी ती दचकली.

"थांबलात का?" तिने विचारलं. "सुरू करा ना, मी तयार आहे."

तपासनीस बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, ओठ दिसतील अशी. तिच्या हातातला कागद खालपर्यंत भरलेला होता.

"झालं, मावशी," ती म्हणाली.

तिने मान हलवली. अंगठा तेवढा बटणावर तसाच होता. तो बाईने हलकेच सोडवून घेतला.